कच्चे पुसले, पक्के ठेवले

मी, साधना बाबाराव नगराळे, वय वर्षे एकोणसत्तर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. या घरातल्या माणसांनी गेली दहा वर्षे माझ्या पिक्चर-गाण्यांच्या कॉम्प्युटरचा जो छळ मांडला, त्यानंतरही ते ठिकाणावर आहे, याहून मोठा दाखला कोणता डॉक्टर देणार? तरी वकीलसाहेबांनी हट्ट धरला म्हणून डॉक्टरांचाही दाखला सोबत जोडला आहे.

येत्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेली नाहीच. पण मी नसताना या घरात कोण कोणती वायर उपटेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही, म्हणून हा खटाटोप.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. स्थावर एका रकान्यात, जंगम दुसऱ्या रकान्यात, की झाला संसार. मी तो परत केला. चौतीस वर्षे सरकारने छापलेले रकाने भरले, आता निदान मरणाच्या कागदावर तरी मोकळे लिहू द्या.

कलम १. घाटंजीचे घर माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा रोशन आणि मुलगी दीपमाला या दोघांना सारखे मिळेल. दीपमालाच्या सासरी कोणी "पोरीले कायले घरात हिस्सा?" असे विचारले, तर हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. स्लॅब पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतो. तो कोपराही दोघांनी सारखा वाटून घ्यावा.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दवाखान्याचा खर्च जाऊन दीपमालाला. रोशनला त्याची गरज नाही असे तो स्वतःच म्हणतो, आणि ते खरे आहे. आकडे इथे लिहीत नाही. बँकेत वारसाचे नाव लावलेले आहे, तेवढे पुरे.

कलम ३. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. नेलेले पुस्तक परत न करणाऱ्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्या यादीत शेजारचा धम्मरत्न तीन वेळा आहे. तो या मृत्युपत्राला साक्षीदार राहणार आहे, तेव्हा हे वाचूनच सही करेल. बरे होईल.

कलम ४. आता मूळ मुद्दा. बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली जी काळी पेटी आहे, ती म्हणजे माझा पिक्चर आणि गाणी लावायचा कॉम्प्युटर. तो विकत आणलेला नाही, मी बनवला आहे. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा "पोरानं करून दिला वाटते?" असेच विचारतो. पोरगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे हे खरे. पण त्या पोराने मला काय सांगितले होते? "आई, कायले एवढा तरास घेतं? टीव्हीच्या मांगं एक काडी लावली की दुनियाभरचं सगळं येते." मी विचारलं, "त्या काडीत तुझे बाबा येतात काय?" त्यावर साहेबांनी लगेच जेवणाचा विषय काढला.

बाबा म्हणजे माझे पती बाबाराव. मुकुटबनला पोस्टमन होते. एक पाकीट द्यायला गेले की त्या घरच्या म्हशीपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळी चौकशी करून, दोन चहा पिऊन उठायचे. गाव म्हणायचे, लई मोकळा माणूस. मी म्हणायची, पोस्ट पाच वाजता बंद होते, हा माणूस बंद होत नाही. संध्याकाळी त्यांची गायन पार्टी असायची. पेटीवर हे, ढोलकीवर देवसिंग राठोड. गाणी स्वतः रचायचे, बाबासाहेबांवर, शाळेवर, दारूबंदीवर, एकदा तर पोस्टाच्या नव्या सायकलवर सुद्धा. एप्रिल महिना आला की नवरा मला फक्त स्टेजवर दिसायचा. म्हणून मी टेपरेकॉर्डर घेऊन सोबत जायला लागले आणि पुढे बसून रेकॉर्ड करायला लागले. वीस वर्षांत त्र्याऐंशी कॅसेटी झाल्या.

निवृत्तीनंतर मी ठरवले की या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये घालायच्या, म्हणजे हवे ते गाणे रिमोटने लावता येईल आणि सोबत पिक्चरही पाहता येतील. कॉम्प्युटरची परीक्षा नोकरीत सगळ्यांनाच द्यावी लागली होती. माझ्या बरोबरच्यांनी ती कशी दिली ते त्यांचे त्यांना माहीत, मी खरोखर शिकले होते. नागपूरहून एकेक भाग आणला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पंखा, सगळे. दीपमाला वणीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिचा हात स्थिर, म्हणून बारीक स्क्रू तिने लावले. बाकी सर्व मी पुस्तकात पाहून जोडले. बाबाराव खाटेवर बसून दर पाच मिनिटांनी विचारायचे, "मास्तरीनबाई, पेशंट वाचते का?" दोन दिवस स्क्रीनवर काहीच आले नाही. मी रॅम काढली, घातली, पुन्हा काढली, रडायची बाकी होते. शेवटी कळले की केबल चुकीच्या भोकात होती. तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, "पेशंट वाचला" म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तर हे यंत्र असे बनले आहे, आणि त्याच्याशी घरच्यांचे वागणे पुढीलप्रमाणे. दीपमालाने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल त्याच्यावर घातला. मे महिन्यात, घाटंजीत! आतला पंखा तडफडून राह्यला होता तरी "आई, शोभून दिसते" म्हणे. माझा दीर फकिरा पिक्चर संपला की भिंतीवरचे बटणच बंद करतो, "बंदच कराचं हाय नं, मग?" म्हणतो. धम्मरत्नने लग्नाची शूटिंग पाहायला पेन ड्राइव्ह लावला आणि सोबत असा व्हायरस आणला की माझे तीन आठवडे गेले. जिनिंग सुरू झाली की हवेतला कापूस पंख्यात बसतो. तो रंगाच्या ब्रशने काढायचा असतो, तोंडाने फुंकायचा नसतो, हे मी सर्वांना प्रत्येकी दहा वेळा सांगितले आहे. अकरावी वेळ म्हणून इथे लिहिते.

कलम ५. कॅसेटींबद्दल. हे कलम लिहायला मला जड जात आहे, पण लिहिते.

टेपरेकॉर्डरमधून कॉम्प्युटरमध्ये वायर लावायची आणि कॅसेट वाजेल तितका वेळ बसून राहायचे, अशी ती पद्धत. दीड वर्ष लागले. मी दोन फोल्डर केले होते. जशीच्या तशी उतरवलेली कॅसेट "कच्चे" मध्ये, आणि नीट केलेली गाणी "पक्के" मध्ये. नीट केलेली म्हणजे काय, तर कॅसेटीत गाण्यांच्या मध्ये बाबारावांचे बोलणे असायचे. पेटी काढताना बोलायचे, माईक हातात आला की बोलायचे, "अमक्या मावशी आल्या का, बसा मावशी, पाणी घ्या", मग देवसिंगची थट्टा, मग माझी थट्टा, मग खोकला, मग हसणे. पाच मिनिटांच्या गाण्यामागे दहा मिनिटे बडबड. मला त्या बडबडीचा आयुष्यभर वैताग होता. कॉम्प्युटरवर आवाज डोंगरासारखा दिसतो, गाणे उंच आणि बोलणे बुटके. मी एकेक बुटके टेकाड निवडायची आणि पुसून टाकायची. पोरांच्या वहीत लाल पेन चालवावा तसा.

एकदा ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय खोडून राह्यली वं?" मी म्हटलं, "तुमची फालतू बडबड." हसले. म्हणाले, "खोड, खोड. मी हावोच नं इथं. लागन तवा पुन्हा बोलीन."

त्यानंतर पाच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, ते गेले. सकाळी चहा मागितला आणि मी चहा घेऊन येईपर्यंत गेले.

कलम ६. माझा दीर फकिरा यास माझा टेपरेकॉर्डर द्यावा. तो अजून चालतो. याच फकिराने माझ्या त्र्याऐंशी कॅसेटींच्या फिती काढून ज्वारीच्या शेतात या मेरेपासून त्या मेरेपर्यंत बांधल्या होत्या. वाऱ्याने फीत भणभणते, उन्हात चमकते, पाखरे येत नाहीत. आमच्याकडे सगळेच असे करतात. वर मला सांगायला आला, "वहिनी, एक पाखरू बसलं नाही. दादाचा आवाजच तसा होता." पुढे मी त्याच्यावर फार ओरडले, वर्षभर त्याच्या घरी पाणी प्यायले नाही. पण खरे लिहायचे तर त्या कॅसेटी मीच त्याला पिशवीत भरून दिल्या होत्या. कॉम्प्युटरमध्ये उतरल्या, आता घरात अडगळ कायले, असे मीच म्हणाले होते. नंतर त्या शेतात मी गेले होते. फिती उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या, हातात धरल्या की तुटत होत्या. फकिरा माझ्यासोबत एकेक तुकडा वेचत होता. त्याला टेपरेकॉर्डर देताना माझी माफीही द्यावी, म्हणजे मी त्याची मागते आहे ती.

कलम ७. माझा मुलगा रोशन याच्याबद्दल.

बाबारावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरी माणसे जमली होती. मी ठरवले होते की गाणी तर सगळ्यांनी ऐकली आहेत, आज त्यांचे बोलणे ऐकवायचे. "कच्चे" फोल्डर उघडायला गेले, तर ते नाही. ते मी ज्या डिस्कवर ठेवायची, ती रोशनच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क होती. रोशन म्हणाला, "आई, ते डिस्क तं मी दसऱ्याच्या सुट्टीत फॉरमॅट मारली. कटकट आवाज करत होती."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. चाळीस माणसे होती. एवढे लिहिते की "तू तुझ्या बापाला दुसऱ्यांदा मारलंस" हे वाक्य त्यात होते. तो खाली पाहत उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने या यंत्राला हात लावलेला नाही. वर्षातून दोनदा येतो, समोर बसतो, आणि "आई, टीव्ही लावू काय?" असे परक्यासारखे विचारतो. त्याची मुलगी खुशी एकदा म्हणाली, "बाबा, तुम्हाला हा कॉम्प्युटर येत नाही का?" तो म्हणाला, "नाही येत बेटा, हा आजीचा हाय."

शिक्षकाला रोजचे टाचण लिहायची सवय असते. आज काय शिकवले, उद्या काय शिकवणार. यंत्र बनवले तेव्हापासून मी त्याचेही टाचण ठेवले आहे. दुसऱ्या लॉकडाउनमध्ये कपाट आवरताना ते हाती आले. त्यात माझ्याच अक्षरात, डिसेंबर २०१७ च्या एका पानावर लिहिलेले आहे: "एकूण त्र्याऐंशी कॅसेटी पक्क्या झाल्या. कच्चे फोल्डर पुसले. जागा मोकळी."

माझी आयुष्यभराची शिस्तच ती. पोराने पक्क्या वहीत उतरवले की कच्ची वही ठेवायची नाही, नाहीतर तो परीक्षेला चुकीची वही वाचतो. चौतीस वर्षे मी पोरांच्या कच्च्या वह्या फाडल्या. ही पण फाडली, आणि फाडल्याचे विसरून गेले. रोशनने फॉरमॅट मारला त्या डिस्कवर काहीच नव्हते.

ते पान मला सापडले त्याला चार वर्षे झाली. चार वर्षे मी रोशनला हे सांगितले नाही. प्रत्येक वेळी तो आला की वाटायचे, आज सांगू. मग तो दाराशी चपला काढून असा बिचकत आत यायचा की मी चहा टाकायला निघून जायची. दुसऱ्याच्या पोराने वहीतले पान लपवले तर मी त्याला वर्गापुढे उभे करायची. मी स्वतः शिक्षिका असून हे केले. मला माझा इतका संताप येतो की लिहिताना पेन कागदातून आरपार जातो आहे. रोशन, चूक माझी होती. तुझी नव्हती. त्या चाळीस माणसांपैकी जी हयात आहेत, त्यांनाही कोणीतरी हे वाचून दाखवावे.

कलम ८. यंत्र रोशनला मिळेल. "पक्के" मध्ये चारशे बारा गाणी आहेत. त्यातल्या दोनशे सहाव्या गाण्याला कोणीही हात लावू नये. त्यात दोन कडव्यांच्या मध्ये बाबाराव बोलले आहेत आणि खाली पेटी चालू आहे, म्हणून मला ते तोडता आले नाही, इतकेच. ते म्हणतात, "देवसिंग, धरून ठेव बापा जरा, बाईची कॅसेट सरत आली." आणि मग ते तिथेच पेटी वाजवत राहतात, पुढचे कडवे घेत नाहीत, मी कॅसेट पलटवावी म्हणून. म्हणजे गाताना त्यांचे लक्ष माझ्या टेपरेकॉर्डरकडे असायचे. हे मला त्यांच्या हयातीत कळले नाही. एवढेच त्यांचे बोलणे उरले आहे. फार झाले तर अकरा सेकंद.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीपमालाने करावी. रडत बसू नये.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर

वरचा मजकूर लिहून मी दोन्ही साक्षीदारांना आज सकाळी अकरा वाजता घरी बोलावले आणि मोठ्याने वाचून दाखवला. धम्मरत्न तिसऱ्या कलमाला खोकला. देवसिंग राठोडांनी सातवे कलम संपताच हात वर केला. मग म्हणाले, "बाई, हे रोशनले कवा वाचाले भेटन?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र आहे, देवसिंगभाऊ. मी गेल्यावर."

"मंग तो जवाब कोणाले देईन?"

मी म्हटलं, जबाब द्यायची काय गरज? तर म्हणाले, "तुमी पोराले चारचौघांत बोलल्या, अन् माफी मांगाची तं मेल्यावर मांगता. हे काही बराबर नाही, बाई. तो का तुमच्या फोटोसंग बोलन?" मी त्यांना सांगितले की ढोलकी वाजवणाऱ्याने कायद्यात तोंड घालू नये. तोवर या धम्मरत्नने स्वतःच्या फोनवरून रोशनला फोन लावला, वर स्पीकर चालू केला, आणि फोन माझ्या हातात दिला. या माणसाला कोणतेही बटण दाबायच्या आधी विचारायची सवयच नाही.

मी सगळे सांगितले. टाचण वाचून दाखवले, तारखेसह.  

मग रोशन म्हणाला, "आई, मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"मी डिस्क उघडली तवाच ते रिकामी होती. काहीच नव्हतं तिच्यात. म्हणून तं फॉरमॅट मारली."

मी ओरडले. मी म्हटलं, मूर्खा, मग तेव्हाच काहून नाही बोललास? चाळीस माणसांत मी तुला फाडून खाल्लं, सहा वर्षं तू या घरात चोरासारखा येऊन राह्यला, एक शब्द तरी बोलायचा! देवसिंगभाऊ पाणी आणायला उठले.

रोशन म्हणाला, "बाबाले जाऊन एक वरीस झालतं. तुले कोणावर तरी चिडाचंच होतं, आई. माह्यावर चिडली तं मी पुण्यात होतो, मले झेपत होतं. सोतावर चिडली असती तं त्या घरात तू एकटीच होती."

मी फोन धम्मरत्नच्या हातात दिला. रोशन कधी येणार ते त्याने विचारून घेतले आणि फोन बंद केला.

सबब, कलम ७ मी माझ्या हाताने खोडत आहे, खालचे वाचता येईल असे. जे सांगायचे ते सांगून झाले आहे, आता ते कागदावर ठेवण्याची गरज नाही. कलम ८ कायम. रोशन रविवारी येतो आहे आणि सोमवारी मला नागपूरला तोच नेणार आहे. शनिवारची रजा मिळते का तेही पाहतो म्हणाला. मिळाली तर दोन दिवस मिळतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमक्ष सही केली. 

सही: साधना बाबाराव नगराळे

साक्षीदार १: देवसिंग हरिसिंग राठोड, राहणार मुकुटबन. बाईंनी आमच्या डोळ्यांसमोर सही केली.

साक्षीदार २: धम्मरत्न फुलझेले, राहणार घाटंजी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. तिन्ही पुस्तके आज परत केली.

ठिकाण: घाटंजी
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५